पुस्तकात कुणी मरायचं

माझं पोस्टिंग आमच्याच पडवीत झालं. हे पलटणीतून नायब सुभेदार होऊन रिटायर झाले आणि घोडेगावच्या अलीकडे आमच्या गावी आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पडवीची आतली भिंत गेरूनं रंगवली. ती वाळल्यावर तिच्यावर चुन्यानं देशांची नावं लिहिली. रशिया, फ्रान्स, इंग्लंड, जर्मनी, जपान, चीन आणि खाली आणखी पुष्कळ. मी शेणाचे हात तसेच धरून बघत उभी राहिले. मला वाटलं, ह्यांची पलटण ज्यांच्याशी लढली ते हे देश.

"हे सगळे शत्रू का?" मी विचारलं.

"पुस्तकं आहेत," हे म्हणाले. "वर्षाला एक देश. त्या देशाची मोठमोठी पुस्तकं, मराठीत आणलेली. भिंत संपेपर्यंत वाचायची."

"कुणी?"

"मी वाचणार. तू ऐकणार."

"मी कशाला? तुम्ही वाचा की तुमचं तुमचं."

"एकट्या माणसाची गस्त पाठवत नाहीत," हे म्हणाले आणि चुन्याचं डबडं धुवायला गेले.

ही योजना मूळची ह्यांची नव्हती. बर्फातल्या एका पोस्टवर ह्यांच्याबरोबर एक मेजर साहेब होते. त्यांच्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त असत. वादळात आठ-आठ दिवस बंकरमध्ये अडकून पडायचं, तेव्हा ते जवानांना गोष्टी वाचून दाखवत. इंग्रजीतून वाचत आणि हिंदीतून सांगत. पोस्ट सोडताना त्यांनी ह्यांना देशांची नावं क्रमानं सांगितली आणि म्हणाले, रिटायर झालास की वाच. मेजर साहेबांनी ते सहज म्हटलं असेल. ह्यांनी ती ऑर्डर म्हणून घेतली.

मी चौथीपर्यंत शिकले. अक्षर वाचता येतं, पण बोट ठेवून. शाळेत गुरुजींनी उभं करून वाचायला सांगितलं की माझा आवाजच जायचा. गुरुजी म्हणायचे, बस. मग मी बसायचे. चौथीनंतर घरीच राहिले आणि पुन्हा मोठ्यानं वाचायची वेळ आली नाही. ऐकायचं काम मला जमण्यासारखं होतं.

सकाळी म्हशीची धार झाली की सहाला हे पडवीतल्या लोखंडी खुर्चीवर बसत. डोक्यावर टोपी, पायात बूट. मी समोर ज्वारी निवडत किंवा भाजी मोडत बसे. वाचताना बोलायचे नियम होते. समजलं तर "रॉजर" म्हणायचं. समजलं नाही तर "से अगेन" म्हणायचं, म्हणजे पुन्हा सांगा. वायरलेसवर तसंच म्हणतात. पहिल्या पुस्तकात मी एकदाही रॉजर म्हटलं नाही. सारखं से अगेन, से अगेन. मला काहीच कळत नव्हतं. नावं इतकी लांब की माणूस दारातून आत येईपर्यंत मी त्याचं नाव विसरे. एकाच माणसाला तीन-तीन नावं. बाप कोण, जावई कोण, नोकर कोण, सगळा गोंधळ.

ह्यांनी पुस्तक मिटलं.

"कोड नेम देऊ," हे म्हणाले.

तेव्हापासून परदेशातल्या माणसांना आमच्याकडची नावं मिळाली. पुरुषांना ह्यांच्या पलटणीतल्यांची, गावातल्यांची, पाहुण्यांची. बायकांची नावं मी ठेवायचे. शेजारची सुशीला, माझ्या नणंदा, पिठाच्या गिरणीवाल्याची बायको. मग मला कळायला लागलं. फ्रान्सची सरदारीण सुशीला झाली की ती कशी रागावेल, कशी पदर खोचेल, ते मला डोळ्यांपुढे दिसे.

लढाईच्या आधी फौजेत जमिनीवर वाळूचा नकाशा करतात. त्याला सँड मॉडेल म्हणतात. टेकडी कुठे, नाला कुठे, शत्रू कुठे, ते जवानांना त्यावर दाखवतात. ह्यांनी शेवग्याखाली तसं प्रत्येक पुस्तकाचं मॉडेल करायला घेतलं. वाळू ह्यांची, रांगोळी माझी. नदी निळ्या रांगोळीची, रस्ता पांढरीचा. घराला विटेचा तुकडा. माणसांना चिंचोके. प्रत्येक चिंचोक्यावर चुन्यानं एक खूण. रोजचं वाचन झालं की ज्या माणसानं जिथे जायचं तिथे हे त्याचा चिंचोका सरकवत. कोंबड्या येऊ नयेत म्हणून भोवती बाभळीच्या फांद्या लावल्या होत्या. गावातले लोक म्हणत, सुभेदारांना रिटायर झाल्यावर काहीतरी झालं. मलाही कधीकधी तसं वाटे.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. नवीन पुस्तक आलं की आधी हे एकटेच ते घेऊन लिंबाखालच्या बाजेवर बसत आणि शेवटची पानं वाचत. त्याला हे रेकी म्हणत. पुढे काय आहे ते आधी जाऊन बघून यायचं. मगच नावं वाटायची. आणि नावं वाटताना दरवेळी असं व्हायचं, की पुस्तकात जो मरणार त्याला जिवंत माणसाचं नाव मिळायचं, ओळखीतल्या, धडधाकट माणसाचं. माझा धाकटा भाऊ शिवा तर पुस्तकामागून पुस्तक मरत होता.

शिवाचा टेम्पो आहे. बाजाराच्या दिवशी म्हशी भरून घोडेगावला जाताना तो आमच्याकडे चहाला थांबतो. टेम्पो बंद करायच्या आधीच ओरडायचा, "दाजी, हाय का मी अजून, का गेलो?"

"काल गेलास," हे म्हणायचे. "पटकीनं."

"आन् गेल्या टायमाला?"

"बुडालास."

"आवो, मला पवायला येतंय! आक्का, सांग की ह्यांना. सगळ्या मुळा धरणात मी पवलोय."

"पुस्तकात नाही आलं पोहता," हे म्हणायचे आणि बशी त्याच्यापुढे सरकवायचे.

"मला यकदा तरी बबनचं काम द्या. बबन लई नशीबवान. दर येळी घरी येतोय त्यो."

"चहा पी. निवतोय."

बबनचं नाव निघालं की हे विषय बदलत, एवढं माझ्या लक्षात आलं होतं. बबन, थोरात आणि पवार. ही तीन नावं पलटणीतली होती. कुठल्याही देशाच्या पुस्तकात ह्या तिघांना काही होत नसे. आग लागली तरी ते वाचत. दुष्काळातून निघत. शेवटच्या पानावर कुणाच्या ना कुणाच्या दारात उभे असत. मला वाटायचं, हे तिघं ह्यांचे जिवलग दोस्त असणार. पण जिवलग असतील तर फोन का येत नाही? कदम हवालदारांचा येतो. ते पारनेरकडचे, पलटणीत ह्यांच्याबरोबर वायरलेसवर होते. दिवाळीला येतात, जेवून जातात. बबन कधी आला नाही. मी एकदा विचारलं, दोस्तांना मारत नाही आणि माझ्या भावाला मारता, हे कसं? हे म्हणाले, "ऑर्डर आहे." ऑर्डर कुणाची, ते सांगितलं नाही.

शिवाच्या मरण्यावरून एकदा मोठा घोळ झाला. हे वाचत होते की शिवानं शेवटचा श्वास घेतला आणि त्याच्या बायकोनं दिवा मालवला. पलीकडे सुशीला भांडी घासत होती. तिनं एवढंच ऐकलं. दुपारपर्यंत शिवाची सासुरवाडी जीप करून त्याच्या दारात. रडारड सुरू. शिवा घरात लुंगीवर कांदा-भाकर खात बसलेला. संध्याकाळी तो आमच्याकडे आला आणि कंपाउंडवरून म्हणाला, "सुशीलाताई, पुढच्या टायमाला हार तेवढा आनत जा."

"आन् मला काय ठावं!" सुशीला भांडायला लागली. "सुभेदार असे खड्या आवाजात सांगत्यात, जसं काय तार आली. माझंच चुकलं व्हय! तुमच्या पुस्तकात मी तर म्हनं लोकरीवाल्याबरबर पळून गेले. सरू, तूच पळवलं न्हवं मला?"

मी घरात गेले. बाहेर हे हसत होते. ह्यांना इतकं हसताना मी फार कमी वेळा बघितलं.

अशी वर्षं गेली. भिंतीवरचा जो देश संपे त्याच्यावर हे गेरूचा हात मारत. मला आता बरंचसं कळत होतं, पण एका वेगळ्या तऱ्हेनं गोंधळ वाढला होता. गिरणीत दळण टाकताना मला वाटे, सुशीलेच्या मुलाचं लग्न मोडलं ते गावात का जर्मनीत? थोरात घोड्यावरून गेला ते पुस्तकात, का हे कधी पलटणीतलं बोलले त्यात? विचारायची लाज वाटे.

मग उत्तरेकडच्या एका बर्फाच्या देशाची पाळी आली. त्याचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही. हे नगरला जाऊन लायब्ररीतून एक जाड पुस्तक घेऊन आले. नेहमीसारखे बाजेवर बसले, शेवटची पानं उघडली आणि मिटली. पुन्हा उघडली. डोळे चोळले.

"काय झालं?" मी विचारलं.

"अक्षरं हलतात आज. उन्हातून आलो ना."

"मग उद्या करा रेकी."

"नको. पहिली पानं चाळलीत, माणसं दिसली. करू सुरू."

रेकीशिवाय सुरू केलेलं हे एकच पुस्तक.

गोष्ट अशी. सैन्याची एक तुकडी डोंगरातला किल्ला सोडून खाली निघालेली असते. वर बर्फ पडतंय, मागे शत्रू. तुकडीत एक खेचरवाला आहे. साधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला ह्यांनी बबन नाव दिलं. त्याचा चिंचोका मॉडेलवर सगळ्यात शेवटी ठेवला, कारण खेचरं मागून चालतात. पुढे एक लाकडी पूल येतो. तो ओलांडल्यावर बबनच्या लक्षात येतं की एक खेचर पलीकडेच राहिलं. तो ते आणायला माघारी फिरतो. इथवर वाचन झालं. हे म्हणाले, "उद्या सहाला."

दुसऱ्या दिवशी सहाला हे खुर्चीवर बसले, पुस्तक उघडलं आणि ते हातातून पडलं. उचलायला हात खाली गेला नाही. तोंड एका बाजूला ओढलं होतं. मी हाका मारायला लागले. सुशीला आली, तिनं शिवाला फोन केला. शिवानं टेम्पोतल्या म्हशी रस्त्यात उतरवल्या आणि मागे गवताची पेंढी टाकून ह्यांना नगरला नेलं. तिथल्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, अर्धांगवायूचा झटका आहे. हात-पाय थोडे सुधारतील. डोक्यात गोंधळ राहील.

घरी आणलं तेव्हा हे ओळखत होते, पण सगळ्यांना नाही. मला ओळखत. शिवाला बघून म्हणाले, "तू गेलास ना?" शिवा बाहेर जाऊन टेम्पोच्या टायरशी उगाच काहीतरी करत बसला.

त्यानंतर बबन सुरू झाला.

"बबन आला का?"

पहिल्यांदा मी म्हटलं, येईल. थोड्या वेळानं पुन्हा. "पोस्टवर बबन नाही. मोजणी कमी आहे." जेवण पुढे ठेवलं की तोंड फिरवायचे. बबन आल्याशिवाय जेवण नाही, नुसता दुधा-पाण्याचा घोट. भिंतीला धरून उठायचे आणि अंगणात शेवग्याखाली जायचे. आम्ही दवाखान्यात असताना कोंबड्यांनी सगळं मॉडेल उकरलं होतं. नदी नाही, पूल नाही. चिंचोके इकडेतिकडे. हे एका हातानं माती चाळत बसायचे. मी चार-पाच चिंचोके शोधून दिले. बबनची खूण असलेला सापडला नाही. एकदा तिथेच कोसळले आणि कपाळाला लागलं.

मला कळेना. हे पुस्तकातल्या बबनला शोधतात की पलटणीतल्या? पुस्तकातला असेल तर त्याचं पुढे काय झालं ते पुस्तकात आहे. पलटणीतला असेल तर त्याला बोलावून आणता येईल. एवढं एक कळलं असतं तर मला पुढे काय करायचं ते समजलं असतं. मी विचारलं, "कुठला बबन?" तर हे माझ्याकडे असे बघायला लागले, जसं मी ड्युटीवर झोपलेली सापडले.

मी कदम हवालदारांना फोन लावला. मी फोनवर बोलत नाही, शिवाला द्यायचे. पण तो भाडं घेऊन संगमनेरला गेला होता.

"वहिनी? तुम्ही स्वतः?" कदम म्हणाले. "साहेब बरे आहेत ना?"

मी म्हटलं, "बबनला पाठवून द्या."

पलीकडे कदमांनी कुणाला तरी टीव्ही बंद करायला लावला.

"कोण बबन, वहिनी?"

"पलटणीतला. हे त्याच्यासाठी जेवत नाहीत."

कदम दुसऱ्या दिवशी एसटीनं आले. ह्यांच्यापाशी बसले, पाय चेपले. मग मला पडवीत बोलावलं. भिंतीकडे बघत सांगितलं.

"बर्फातल्या पोस्टवर आम्ही होतो. साहेब तेव्हा नाईक होते, सेक्शनचे आम्ही सगळे जवान त्यांच्या हाताखाली. खालच्या टप्प्यावर रॉकेलचा जेरीकॅन राहिला होता. रॉकेल नाही तर स्टोव्ह नाही, स्टोव्ह नाही तर पाणी नाही. हवा साफ होती. दोरी बांधलेली वाट, जाऊन यायला थोडा वेळ. दोघांना पाठवायचं असतं. पण दुसऱ्याला ताप होता. बबन म्हणाला, मी जातो की, हा गेलो आणि हा आलो. साहेबांनी एकट्याला पाठवलं. मग हवा फिरली. मी सेटवर होतो. साहेब दर थोड्या वेळानं मला विचारत होते, बबन आला का? खालच्या टप्प्याला विचार. मी विचारत होतो. खालून एकच, से अगेन, से अगेन. वादळात आवाज जात नव्हता."

"मग?"

"बर्फ वितळल्यावर सापडला. जेरीकॅन भरलेला होता. तो परत निघाला होता, वहिनी."

मी थोरात आणि पवारांचं विचारलं. कदम म्हणाले, "ते दोघं दुसऱ्या ठिकाणी. तेही नाहीत." मग त्यांनी मला विचारलं, "ही नावं तुम्हाला साहेबांनी सांगितली?"

मी भिंतीकडे हात केला. पण त्यांना ते कळलं नसेल. इतक्या वर्षांत मलाही कळलं नव्हतं. जे एकदा मेले त्यांना हे पुस्तकात पुन्हा मारत नव्हते. मरायचं काम जिवंत माणसांना देत होते. शिवाला पटकी झाली तरी बाजाराच्या दिवशी तो चहाला येत होता. त्याला काय फरक पडणार?

कदम गेल्यावर मी पुस्तक घेतलं. हे झोपले होते. लिंबाखालच्या बाजेवर बसले आणि जिथे खूण होती तिथून बोट ठेवून वाचायला लागले. हे रेकी करायचे तशी. एक पान वाचायला मला दोन वेळच्या भाकऱ्या होतील एवढा वेळ लागायचा. लांब नाव आलं की मी ते झाकून त्यावर आमचं नाव म्हणायचे. मनात म्हणत होते, बबन येईल. ह्यांनी नाव दिलंय म्हणजे येणारच. ऑर्डर आहे.

तिसऱ्या दिवशी त्या पानावर पोचले. बबनला पुलापलीकडे खेचर सापडतं. ते उठत नाही. तो त्याला सोडून येत नाही. त्याच्या अंगाला टेकून बसतो आणि दोघांवर बर्फ पडत राहतं. पुस्तकात पुढे एक ओळ सोडलेली आहे आणि मग तुकडी गावात पोचते. बबनचं नाव पुन्हा येत नाही. मी शेवटच्या पानापर्यंत शोधलं.

मी पुस्तक मिटलं. म्हैस ओरडत होती. ह्यांनी रेकी केली असती तर त्या खेचरवाल्याला शिवाचं नाव मिळालं असतं आणि काही झालं नसतं. पुस्तक ठेवून द्यावं, तर हे जेवत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, खाल्लं नाही तर आशा नाही. वाचावं, तर बबन माझ्या तोंडून दुसऱ्यांदा मरणार. आणि वाचायचं म्हणजे मोठ्यानं.

दुसऱ्या दिवशी धार काढली. सहाला ह्यांना उशांना टेकवून बसवलं. टोपी घातली. बूट घालता आले नाहीत. मी लोखंडी खुर्चीवर बसले. त्या खुर्चीवर मी कधी बसले नव्हते.

"वाचते," मी म्हटलं. आवाज आला नाही. पुन्हा म्हटलं.

हे माझ्याकडे बघत होते. एक डोळा नीट उघडत नव्हता. दुसरा माझ्या बोटावर होता. म्हणून मी बोट ओळीवरून उचललं नाही. बोट पुस्तकातल्या ओळीवर चालत होतं आणि तोंड दुसरंच बोलत होतं.

"बबन पुलापाशी आला," मी वाचलं. "पुलावर सरू उभी होती."

सरू म्हणजे मी. माझं नाव कुठल्याच पुस्तकात कधी ठेवलं नव्हतं. मीच ठेवू दिलं नव्हतं.

"सरू म्हणाली, एकट्या माणसाची गस्त पाठवत नाहीत. मी येते बरोबर. दोघं पुलाच्या पलीकडे गेले. तिथे खेचर बसलं होतं. ते उठेना. सरू म्हणाली, दोर माझ्याकडे दे, तू पुढून ओढ. मग खेचर उठलं. बर्फ वाढलं. वाट दिसेना. सरूचे पाय चालेनात. ती म्हणाली, बबन, तू खेचर घेऊन हो पुढे. तुझ्यावाचून मोजणी कमी पडलीय. नाईक वाट बघतायत."

पलीकडे सुशीलेच्या भांड्यांचा आवाज बंद झाला. ती ऐकत होती. मी थांबले नाही.

"सरू पुलापलीकडे बसली. तिच्यावर बर्फ पडलं. बबन खाली गावात आला. खेचर बरोबर होतं. नाईक दारात उभे होते. बबन म्हणाला, आलो."

ह्यांचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"से अगेन."

मी पहिल्यापासून वाचलं. पूल, खेचर, दोर. एखादा शब्द बदलला असेल. दुसऱ्यांदा मला माझा आवाज ऐकू आला. चौथीतल्या मुलीसारखा होता, पण येत होता.

"सरू राहिली?" हे म्हणाले. शब्द नीट नव्हते, पण मला कळले.

"राहिली."

"बबन?"

"आला. खेचर घेऊन आला."

ह्यांनी चांगला हात पांघरुणावरून उचलला आणि माझ्या मनगटाला लावला. मी इथे आहे का, ते बघत होते. हात तिथेच राहिला.

"रॉजर," हे म्हणाले.

त्या दिवशी हे पेज प्यायले, नंतर मऊ भात खाल्ला. बबनचं पुन्हा विचारलं नाही. ह्यांना त्या वेळी काय कळलं होतं, पुस्तक की पोस्ट, की मी खोटं वाचते हे, ते मला आजही माहीत नाही. मी खूप विचार केला. काही दिवशी वाटतं, कळलं होतं. काही दिवशी वाटतं, नाही.

दुपारी सुशीला ताकाचं भांडं घेऊन आली. तिचे डोळे लाल होते. "सरू, तू कशाला गं मेलीस?" म्हणाली. "मला मारायचं. मी काय न्हाई म्हनले असते का?"

हे त्यानंतर एक हिवाळा राहिले. मी रोज वाचत होते. जाड पुस्तक संपलं तेव्हा मी ह्यांच्या देखत त्या देशावर गेरूचा हात मारला. थंडी सरताना हे गेले. सकाळ होती. कदम आणि आजूबाजूच्या गावांतले माजी सैनिक आले. टोप्या घालून एका ओळीत उभे राहिले. कदमांनी हळू आवाजात काहीतरी म्हटलं. मला वाटतं ते म्हणाले, "मोजणी पूर्ण, साहेब." पण मी लांब होते, नक्की सांगता येत नाही.

भिंतीवर अजून देश आहेत. महिना झाल्यावर शिवानं मला नगरला नेलं. लायब्ररीत मी भिंतीवरून चिठ्ठीवर उतरवलेलं देशाचं नाव दाखवलं, बोलले नाही. त्यांनी पुस्तक दिलं. घरी येऊन मी आधी रेकी केली. सगळं नाही कळलं. पण दोघं मरतात आणि एक जण लांबून घरी येतो, एवढं कळलं. शेवग्याखाली नवीन वाळू टाकली.

बाजाराच्या दिवशी शिवा आला. टेम्पो बंद केला, पण ओरडला नाही. तो आता तसं विचारत नाही. चहा पिताना वाळूकडे बघून म्हणाला, "आक्का, ह्यात मरनारं कोन हाय?"

"दोघं आहेत."

"मला घाल. मला सवय हाय."

"दोघं, शिवा."

"मंग दोन टायमाला मार. आन् ह्यो तिसरा चिंचोका कुनाचा?"

तो घरी येणाऱ्याचा होता. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाणा घेतला तेव्हाही मी ते ओठांतच घेतलं होतं, कुणाला ऐकू गेलं नव्हतं. एवढ्या वर्षांत ह्यांना कोड नेमसुद्धा दिलं नव्हतं. मी पुस्तक उघडलं, शेवटच्या पानावर बोट ठेवलं आणि वाचलं.

"रंगनाथ घरी आला."

शिवानं बशी खाली ठेवली. त्यानं तोंड फिरवलं होतं.

"से अगेन, आक्का," तो म्हणाला.

"रंगनाथ घरी आला."

बबन, थोरात, पवार, रंगनाथ. चौघांपैकी कुणाला कुठल्या देशात काही होणार नाही, तेवढं मी बघते. बाकी कोण कुणाचा कोण, त्यात माझा अजून गोंधळ होतो.